घड्याळकाकांची नऊ हजार उत्तरं

४ जानेवारी

भाऊजी,

नमस्कार, क्षेमकुशल वगैरे तुम्हीच मनात भरून घ्या, मी दोन बोटांनी टाइप करते. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही दर वाक्याला "बरं, बरं" म्हणता आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की मी विचारलं ते राहूनच गेलं. पत्राला उत्तर द्यावं लागतं.

विषय ह्यांच्या त्या इंटरनेटवरच्या, चिपांच्या ग्रुपचा आहे. तुम्हाला वाटेल, वहिनीला त्यातलं काय कळतंय. हे गेल्यावर पहिले दोन महिने मी त्यांच्या टेबलाकडे पाठ करूनच बसत होते. मग एकदा धूळ पुसताना कॉम्प्युटर लावला, तर ग्रुप ह्यांच्याच नावानं उघडा. वर लिहिलेलं, "या, घड्याळकाका." कोणीही अडचण घेऊन आला की ह्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आधी क्लॉक तपासलंत का?" क्लॉक म्हणजे चिपचा ठोका, त्यावरून लोकांनीच ते नाव पाडलेलं. मी वाचायला बसले, तेवीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या प्रश्नापासून. आता वर्षभरात शेवटाला आलेय.

माझं शिक्षण दहावी. पुढचं सगळं वाचनालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवता चढवता झालं, जे पुस्तक बांधायला येईल ते वाचायचं. हा ग्रुपही तसाच वाचला. कळलं नाही ते वहीत लिहायचं. तोच शब्द चार ठिकाणी भेटला की आपोआप कळतो. ग्रुप ज्या चिपचा, तिच्याबद्दल ह्यांनी मला एकदा सांगितलं होतं, "बाकीच्या चिपा स्वभाव घेऊनच जन्माला येतात, हिला स्वभाव आपण लावायचा. आज दिवे लावेल, उद्या तीच यंत्र चालवेल." त्या वेळी मी म्हटलं होतं, अशी एखादी घरात पण मिळाली असती तर.

सकाळी साडेपाच ते सात ग्रुप. मी चहा ठेवायची, तो निवायचा. "जगाची घड्याळं लावून झाली असतील तर चहा घ्या." "एकच राहिलाय." तो एकच बावीस वर्षं राहिला होता. तेव्हा दिवसाला चाळीस-पन्नास संदेश यायचे. भांडणं तर अशी की सासवा-सुनांनी येऊन शिकावं. मग तीस झाले, मग दहा, मग आठवड्याला दोन. एका बैठकीत वाचलं की माणूस डोळ्यांदेखत म्हातारा होताना पाहावा तसं वाटतं. गेल्या तीन महिन्यांत चार. एक क्लासची जाहिरात. एक जण जुने बोर्ड विकतोय. एकानं विचारलंय, "इथे अजून कोणी आहे का?" चौथा त्याच माणसाचा, आठ दिवसांनी. "ठीक आहे."

ज्या कंपनीच्या जागेवर हा ग्रुप आहे तिचं आता पत्र आलंय. मार्चअखेर वीस संदेश झाले नाहीत तर ग्रुप बंद आणि आतलं सगळं पुसणार.

ह्यांची नऊ हजार उत्तरं आहेत, भाऊजी. मी मोजली नाहीत, तिथे आकडा येतो. घरात फोटो आहेत, पण फोटोत हे कायम कोणीतरी दम दिल्यासारखे ताठ. बोलतात ते फक्त तिथे.

तुम्ही ह्याच धंद्यातले. आठवड्याला एक प्रश्न टाका, ऑफिसातल्या चार जणांना टाकायला सांगा. एवढंच मागणं आहे.

तुमची वहिनी


१५ जानेवारी

वहिनी,

पत्र तीनदा वाचलं. तुम्ही तो ग्रुप पहिल्यापासून वाचलात हे कळलं तेव्हा मी खुर्चीत नीट बसलो. मी स्वतः पुरता वाचलेला नाही.

माणसं कुठे गेली म्हणाल, तर मेली नाहीत, पांगली. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापले ग्रुप काढले, काही तिकडे गेली. काहींना माझ्यासारखं साहेब करून टाकलं, आणि साहेबाला प्रश्न पडून चालत नाही. नव्यांचं विचाराल तर त्यांना अडलं की ते यंत्राला, म्हणजे एआयला, विचारतात. यंत्र दोन सेकंदांत उत्तर देतं, "आधी क्लॉक तपासलंत का" म्हणून चारचौघांत लाज काढत नाही. ते शिकलं कुठे, तर अशाच ग्रुपांवर. दादाची उत्तरंही त्याच्या पोटात असणार. विहिरीचं पाणी टाकीत चढवून घेतलं, आता दोर घेऊन विहिरीवर कोण जाणार?

तरी ऑफिसात सांगतो. आणि महत्त्वाचं म्हणजे सगळ्या ग्रुपची एक प्रत मी इथे उतरवून घेतो. म्हणजे बंद झाला तरी दादाचं काही जाणार नाही. दोन तासांचं काम आहे. जिवाला लावून घेऊ नका, आणि चहा वेळेवर घेत जा, आता निववायला कोणी नाही.

तुमचा धाकटा


१९ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमच्या ऑफिसातले चार जण बहुधा चालत येताहेत. अजून पोचलेले नाहीत.

पण ग्रुपवर एक खरा प्रश्न आला आहे. एक बाई आहे, नाव घेतलंय "मोजेवाली". ती आणि तिचे वडील मोजे विणायच्या यंत्रांचे बोर्ड दुरुस्त करतात. एका कारखान्यातली यंत्रं जुनी आहेत, त्यांचे आतले बोर्ड आता कुठे मिळत नाहीत. म्हणून ही नवी चिप घालून नवे बोर्ड बनवते आहे. अडलंय कुठे, तर यंत्राकडून येणारी तार पाच व्होल्टची आहे आणि चिपची पिन त्याहून कमी सोसणारी. मध्ये काय घालू म्हणून विचारते. आणि शेवटी लिहिलंय, "घड्याळकाका अजून इथे असतात का? माझे वडील तुमची उत्तरं वाचून हे काम शिकले."

ते वाचून मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओटा पुसलेलाच होता, तो परत पुसला.

हाच प्रश्न ह्यांना अकरा वर्षांपूर्वी एकानं विचारला होता. मला तो अर्ध्या तासात सापडला. वहीत खूण होती. ह्यांनी तीन ओळींत उत्तर दिलंय, आणि त्या माणसाचं काम झाल्याचं त्यानं खाली लिहिलंय.

म्हणून तुम्हाला विचारते. ह्यांची उत्तरं अजून चालतात का हो? की माणसाबरोबर तीही जुनी होतात?

तुमची वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

असलं काही मनात आणू नका. दादाची उत्तरं जुनी होणारी नाहीत. तो गेला, त्याचा शब्द कुठे गेलाय? मी अजून अडलो की मनात त्यालाच विचारतो, आणि तो मनातसुद्धा आधी माझी अक्कल काढतो. खुशाल धरून चाला की तो आहे.

तुम्ही सारखं तेच ते वाचत बसता ते थोडं कमी करा, एवढं मात्र सांगतो. बाहेर पडा. वाचनालयात अर्ध्या वेळाऐवजी पूर्ण वेळ मागून बघा.

प्रतीचं काम झालंच समजा.

तुमचा धाकटा


१७ मार्च

भाऊजी,

आज सत्तावीस संदेश आहेत. वीस हवे होते. कंपनीचं पत्र आलं, पुढचे नव्वद दिवस ग्रुप चालू राहील.

तुम्ही धीर दिलात त्याचं हे फळ. काही प्रश्न आले, त्यांना जुनी उत्तरं शोधून दिली गेली. एकाला मिळालं की दुसरा येतो, माणसांचं तसंच असतं. रिकाम्या दुकानात कोणी पाय ठेवत नाही. आत एक जरी गिऱ्हाईक दिसलं की चौघं डोकावतात. एक जण चार वर्षांनी आला आणि म्हणाला, "काका, मला वाटलं तुम्ही आम्हाला सोडलंत." मोजेवालीलाही उत्तर मिळालं. बोर्ड बनवायला घेतलेत म्हणून तिनं कळवलं.

परवा वाचनालयात कपाटं लावणारी बाई मला म्हणाली, "ताई, हल्ली तुम्ही शिवण घालताना गुणगुणता." मी म्हटलं, "सुई टोचते म्हणून." पण खरं होतं ते.

सकाळी साडेपाचला उठते. चहा तिथेच टेबलावर घेते.

तुमची वहिनी


१२ एप्रिल

वहिनी,

सकाळपासून तीनदा फोन केला. तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहितो.

आमच्या जुन्या कंपनीतला एक जण काल भेटला. म्हणाला, "तुझा भाऊ गेल्याचं मला कोणीतरी सांगितलं होतं. ग्रुपवर तर उत्तरं देतोय." आज सकाळी मी ग्रुप उघडला. फेब्रुवारीपासून दादाच्या नावावर चौदा उत्तरं आहेत. पहिलं दिसलं तेव्हा, खरं सांगतो, एक क्षण मला आनंद झाला. मग तारखा पाहिल्या.

तुम्ही फेब्रुवारीत विचारलंत तेव्हा मला वाटलं, तुम्ही दुःखानं विचारताय. तुम्ही तर चिपबद्दल विचारत होतात.

तेरा उत्तरं ठीक आहेत. मोजेवालीचं नाही. दादानं अकरा वर्षांपूर्वी सांगितलं की मध्ये शंभर ओहमचा रेझिस्टर टाका आणि पाच व्होल्ट खुशाल घ्या. त्या चिपला ते चालायचं, कारण जास्तीचं व्होल्टेज बाजूला काढून द्यायची सोय तिच्या पिनेतच होती. आताच्या चिपा नाजूक आहेत. त्यांना व्होल्टेज उतरवून देणारी वेगळी छोटी चिप मध्ये घालावी लागते, नुसता रेझिस्टर घातला तर पिन जळते. बावीस वर्षं ह्या कामात असलेल्याला हे कळतं. वाचून कळत नाही. तुमचा दोष नाही.

तिचा कालचा संदेश तुम्ही वाचला असेलच. "काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. बारा बोर्ड लावले, बाराही गेले. माझंच काहीतरी चुकलं असणार. वडील म्हणतात, काकांचं उत्तर चुकायचं नाही, तुझा हात चुकला. शुक्रवारी सकाळी दुसरे बारा लावायचे आहेत. कारखाना त्यापुढे थांबणार नाही, यंत्रं भंगारात काढणार आहेत. तोवर काय चुकलं ते सांगाल का?"

मी माझ्या नावानं बरोबर उत्तर तिला लिहिलंय. तुम्ही आता काही लिहू नका. फोन उचला.

तुमचा धाकटा


१४ एप्रिल

भाऊजी,

फोन मुद्दाम उचलला नाही. तुम्ही "बरं, बरं, मी बघतो" म्हणाला असतात आणि मी गप्प बसले असते.

होय, मीच. ह्यांच्या नावानं, ह्यांच्या खुर्चीत बसून. चोरी म्हणा, वेड म्हणा. उत्तरातला एक शब्द माझा नव्हता, सगळे ह्यांचेच, म्हणून मला वाटत होतं की खोटं काही नाही. पुस्तकाचा पुठ्ठा बदलला म्हणून पुस्तक माझं होत नाही, तसं. पण पुस्तक कुठल्या सालचं ते पहिल्या पानावर असतं. ते पान मी फाडून दिलं होतं.

तुमच्या उत्तराला तिनं काय लिहिलं ते पाहिलंत ना? "सर, राग मानू नका, पण तुमचं नाव मी ह्या ग्रुपवर कधी पाहिलेलं नाही. मी यंत्रालाही विचारलं, तेही रेझिस्टरच सांगतं. काका स्वतः म्हणाले तर बदलेन." यंत्र तेच सांगणार. तुमची ती टाकी ह्याच विहिरीवर भरलेली.

म्हणजे एकच वाट सरळ होती. ह्यांच्या नावानं लिहायचं, "माझं चुकलं, मध्ये वेगळी चिप घाला." दोन ओळींचं काम. तिचे बोर्ड वाचतात, ग्रुप राहतो, कोणाला काही कळत नाही. मी टाइपही केलं. पाठवायला बोट उचललं आणि पुढे जाईना. ह्यांचं चुकलं नव्हतं हो. ह्यांनी त्यांच्या चिपसाठी बरोबर सांगितलं होतं. चुकले मी, आणि कबुली ह्यांच्या तोंडून द्यायची? जिवंतपणी मी ह्यांना हज्जार बोलले असेन, पण माझी चूक कधी त्यांच्या डोक्यावर ठेवली नाही. आणि ती पोरगी जन्मभर समजणार की काकांनीच आपले बारा बोर्ड जाळले. तिचे वडील समजणार.

नियम मी वाचलाय. गेलेल्या माणसाच्या खात्यावरून दुसऱ्या कोणी लिहिलं असं कळलं, तर ते खातं आणि त्यातला सगळा मजकूर काढून टाकतात. दोन दिवस मी तो नियम उलटा-सुलटा वाचला. मग आठवलं, प्रत तुमच्याकडे आहे. जानेवारीत म्हणालात, फेब्रुवारीत झालंच समजा म्हणालात. म्हटलं, मग घाबरायचं कशाला. नऊ हजार उत्तरं माझ्या दिराच्या घरी सुखरूप आहेत, इथली गेली तर गेली.

काल संध्याकाळी माझ्या नावानं खातं उघडलं आणि सगळं लिहिलं. हे कधी गेले, मी कोण, मी काय केलं. तुमचं उत्तर बरोबर आहे आणि तुम्ही त्यांचे सख्खे भाऊ आहात. आज सकाळी तिनं वेगळी चिप मागवल्याचं लिहिलंय. शुक्रवारच्या आत येते म्हणे.

मन हलकं आहे. प्रत कशी उघडायची तेवढं मला कळवा, वेळ मिळेल तेव्हा.

तुमची वहिनी


१५ एप्रिल

वहिनी,

प्रत नाही.

हे वाक्य लिहायला मला अडीच तास लागले. आज सकाळी तुमचं पत्र वाचल्याबरोबर उतरवायला बसलो. तोवर दादाचं खातं गेलेलं होतं. कंपनीला लिहिलं, उत्तर आलं की नियमाप्रमाणे काढलेला मजकूर परत मिळत नाही, आपल्या दुःखात सहभागी आहोत.

जानेवारीत मी खरंच बसलो होतो. दोन तासांचंच काम होतं. उतरवून घेण्याआधी सुरुवातीची पानं सहज वाचायला घेतली, आणि तिथे मी भेटलो. तुम्हाला कधी सांगितलं नाही, दादालाही नाही. मला नोकरी लागली तेव्हा मला काही येत नव्हतं. तुमच्याकडे राहून शिकलो, दादानं फी भरली, सगळ्यांना सांगितलं की धाकटा माझ्याहून हुशार निघेल. मग त्याला कुठल्या तोंडानं विचारू की हे कसं करायचं? म्हणून ग्रुपवर "शिकाऊ" नावाचं खातं काढलं आणि तिथे विचारायचो. सहा वर्षं. साधे, बावळट प्रश्न. तो दर वेळी उत्तर द्यायचा. तुमच्या मोरीशेजारच्या खोलीत मी झोपलेला असायचो आणि बाहेर तो टेबलावर बसून मलाच समजावत असायचा.

ते पान दिसलं आणि मी कॉम्प्युटर बंद केला. म्हटलं उद्या. फेब्रुवारीत "झालंच समजा" लिहिलं तेव्हाही उद्याच करणार होतो. माझ्या नावानं तिथे एक अक्षर नव्हतं म्हणून मोजेवालीनं माझं ऐकलं नाही, आणि शिकाऊच्या नावानं लिहिलं असतं तरी काय, नुसत्या विचारणाऱ्याचं कोण ऐकतं.

तुम्ही दोनदा माझ्या शब्दावर विसंबलात. दोन्ही वेळा मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोललो होतो.

काय करू ते सांगा.

धाकटा


६ मे

भाऊजी,

तुमचं पत्र आल्यापासून रोज उघडत होते आणि बंद करत होते. राग होता. अजून आहे. जाईल, पण मी घाई करणार नाही, आणि तुम्हीही करू नका.

एक सांगते, कारण ते लपवून मला काही मिळायचं नाही. शिकाऊ कोण ते ह्यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. एकदा चहा द्यायला गेले तर हे गालात हसत होते. म्हणाले, "धाकट्याला सांगू नकोस. विचारायचा बंद होईल." मला तेव्हा वाटलं, ऑफिसचं काहीतरी बोलताहेत. ग्रुप वाचला तेव्हा समजलं. तुम्हाला सांगायचं जिवावर आलं होतं, तुम्ही माझ्याशी साहेब होऊन बोलत होतात.

त्या शुक्रवारी मोजेवालीचे बाराही बोर्ड चालले. तिनं मला एकटीला लिहिलं, "काकू, वडील माझ्याशी नीट बोलायला लागले. तुमच्यावर रागवावं की काय करावं ते मला समजत नाही." मी लिहिलं, "रागाव, तुझा हक्क आहे." तिनं पुढे लिहिलेलं नाही त्याबद्दल.

आणि ग्रुपवर लोक आले. पहिल्या दोन दिवसांत त्रेसष्ट संदेश. आठ-आठ, दहा-दहा वर्षं तोंड न दाखवलेले. "काकांनी माझी नोकरी वाचवली." "काकांनी मला मूर्ख म्हटलं होतं, ते बरोबर होतं." एकानं तर विचारलं, आपण सगळे पूर्वीसारखे दर आठवड्याला का नाही लिहीत? त्याला पंधरा जणांनी हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी चार संदेश. पाचव्या दिवसापासून कोणी नाही. परवा कंपनीचं पत्र आलं, आपला ग्रुप पुन्हा सक्रिय झाल्याबद्दल अभिनंदन, तो पुढचं वर्षभर चालू राहील.

म्हणजे ग्रुप आहे. हे तेवढे नाहीत.

तिथे आता काय दिसतं सांगते. वर कोणाचा तरी प्रश्न. खाली त्याचंच, "धन्यवाद काका, चाललं." मध्ये पांढरी जागा. त्याखाली दुसरा प्रश्न, पांढरी जागा, धन्यवाद. बावीस वर्षं. मी सकाळी वाचते. प्रश्न वाचते, थोडी थांबते, मग धन्यवाद वाचते. काही ठिकाणी मधलं मला तोंडपाठ आहे, वहीत चाळीसेक उतरवलेलीही आहेत. बाकीच्या ठिकाणी हे काहीतरी म्हणाले होते आणि त्यानं कोणाचं तरी काम झालं, एवढंच.

फक्त एक वाक्य राहिलं होतं. ह्यांनी सुरुवातीलाच एक नियम घालून दिला होता, की दुसऱ्याचं बोलणं आपल्या संदेशात परत चिकटवायचं नाही, ज्याला हवं तो वर जाऊन वाचेल. त्या वेळी एक पान उघडायला मिनिट लागायचं, म्हणून. पुढे सगळं वेगवान झालं तरी लोक तो नियम पाळत राहिले, म्हणून इतरांच्या संदेशांत ह्यांचं काही सापडत नाही. मी शोधलं, सगळीकडे. मोजेवाली नवी, तिला हा नियम कोण सांगणार? तिनं बोर्ड जळाले त्या दिवशी आपल्या संदेशाच्या वर चिकटवलं होतं, "घड्याळकाका म्हणाले: मध्ये शंभर ओहमचा रेझिस्टर टाका आणि पाच व्होल्ट खुशाल घ्या." संदेश तिचा, म्हणून तो पुसला गेला नाही. तुम्ही विचाराल की वाचायला काय आहे त्यात. "खुशाल" हा ह्यांचा शब्द. मी तो रोज वाचत होते.

गेल्या आठवड्यात तिनं विचारलं, "काकू, ती ओळ मी काढून टाकू का? कोणी वाचून परत तसंच करेल. यंत्रही इथूनच वाचतं." मी सहा दिवस उत्तर दिलं नाही. त्याखाली तुमच्याकडून लिहून घ्यावं असं आलं मनात, की हे कुठल्या चिपसाठी बरोबर होतं. पण तिनं तुमचं एवढं मोठं उत्तर वाचूनही मानलं नव्हतं. घाईतला माणूस वरचीच ओळ वाचतो.

तुम्ही विचारलंत, काय करू. काही करू नका. करण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. जून महिन्यात सुट्टी मिळाली तर इकडे या, दोन दिवस राहा.

आज सकाळी तिला लिहिलं, काढून टाक. तिनं लगेच काढली. कामाची पोरगी आहे.

तुमची वहिनी